आरसा परत जागेवर आला पाहिजे

सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, कोरलेले बारीक आरसे आणि ते हलवणारी यंत्रणा यांचं डिझाइन करणं हे माझं काम. यातले काही आरसे डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसतात, काही सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतच नाहीत. या क्षेत्राला मेम्स म्हणतात. नाव ओळखीचं नसलं तरी त्याचं काम बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मल्टिप्लेक्समध्ये डीएलपी प्रोजेक्टर असेल, तर पडद्यावर पोचणारा प्रकाश अशाच आरशांवरून आलेला असतो. टू-के दर्जाच्या एका चिपवर २०४८ गुणिले १०८०, म्हणजे २२ लाखांहून अधिक आरसे असतात. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या तीन चिप्स धरल्या तर हा आकडा ६६ लाखांवर जातो. यातला प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा या बाजूला किंवा त्या बाजूला कलतो आणि त्यातून चित्र उमटतं.

नवे इंजिनिअर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढासा आरसा हलवायचा कसा? उत्तर सोपं आहे, विजेचा दाब दिला की तो हलतो. अवघड पुढचं आहे. तो दर वेळी तेवढाच हलला पाहिजे, हलताना सपाट राहिला पाहिजे, दाब काढला की परत जागेवर आला पाहिजे आणि हे सगळं वर्षानुवर्षं चाललं पाहिजे. डिझाइन करणाऱ्याची सगळी मेहनत या परतीसाठी असते. त्या मेहनतीतून हाती लागलेल्या गोष्टी इथे क्रमाने मांडते आहे.

१. आधी प्रकाशाचं गणित करा

संगणकावर आरशाचा आकार काढायला बसण्याआधी त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा विचार करायला हवा. लेझरचा किरण फिरवून रेषा काढायची असेल, तर त्या रेषेत किती ठिपके वेगवेगळे दिसतील हे ठरवणाऱ्या गोष्टी तीनच: आरशाची रुंदी, किरण फिरण्याचा कोन आणि प्रकाशाची तरंगलांबी. समजा, आरसा १ मिलिमीटरचा आहे आणि तो दोन्ही बाजूंना १० अंश कलतो. परावर्तित किरण आरशाच्या दुप्पट वळतो, म्हणून एकूण ४० अंशांचा पल्ला मिळतो. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.६४ मायक्रॉन धरली, तर सुमारे हजार ठिपके हाती येतात. याच रंगात त्याहून जास्त हवे असतील तर आरसा मोठा करा किंवा कोन वाढवा, तिसरा मार्ग नाही.

आरसा मोठा करण्याची किंमत मात्र जबर असते. जाडी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली की आरशाचं जडत्व १६ पट होतं. वेगाने झुलताना त्याच्या कडा मागे राहतात आणि आरसा किंचित वाकतो. हे वाकणं रुंदीच्या पाचव्या घाताने वाढतं, म्हणजे दुप्पट रुंदीला ३२ पट. माझ्या वहीत प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चार आकडे असतात: रुंदी, कोन, वारंवारिता आणि चालेल एवढा वाकडेपणा. हे चार एकमेकांशी जुळेपर्यंत मी पुढचं पान उलटत नाही. ग्राहकाशी, सहकाऱ्यांशी जो वाद घालायचा तो याच पानावर घालावा. पुढे वेफर तयार झाल्यावर तोच वाद फार महाग पडतो.

२. इथे वजनाला किंमत नाही, पृष्ठभागाला आहे

मोठ्या वस्तू हाताळून आपल्या हाताला एक समज आलेली असते. वस्तू जड असेल तर पडेल, ढकलली तर घरंगळेल. मायक्रॉनच्या जगात ही समज कामाला येत नाही. एखादी वस्तू सर्व बाजूंनी हजारपट लहान केली, की तिचं वजन अब्जपट कमी होतं, पण पृष्ठभाग दहा लाख पटच कमी होतो. म्हणजे वजनाच्या तुलनेत पृष्ठभागाचा प्रभाव हजारपट वाढतो. मोठ्या यंत्रात ज्यांची कुणी दखलही घेत नाही, ती बलं इथे राज्य करतात: पाण्याच्या पातळ थराचा ताण, रेणूंमधलं आकर्षण, साचून राहिलेला विद्युतभार.

रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलटेकमध्ये दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात हे आधीच सांगितलं होतं. अतिसूक्ष्म यंत्रांचे भाग रेणूंच्या आकर्षणामुळे एकमेकांना चिकटून बसतील, याकडे त्यांनी लक्ष वेधलं होतं. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ते व्याख्यान वाचावं. ते वाचल्यावर गुरुत्वाकर्षणाची सवय सुटायला मदत होते. आजही एखादी रचना मनात आली की मी आधी विचारते: इथे कोणते दोन पृष्ठभाग एकमेकांजवळ येणार आहेत, आणि ते आले तर पुन्हा वेगळे कसे होणार?

३. आरशापेक्षा बिजागरीवर जास्त वेळ घालवा

आरसा ज्यावर कलतो ती बिजागरी म्हणजे बहुधा सिलिकॉनच्या दोन बारीक पट्ट्या. त्या पिळल्या जातात आणि आपल्या लवचीकपणामुळे आरशाला परत आणतात. इथे खिळा नाही, खोबण नाही, वंगण नाही. घासणारा भागच नसल्यामुळे झीजही नाही.

यासाठी एकस्फटिकी सिलिकॉन फार गुणी पदार्थ आहे. साध्या तापमानाला तो धातूसारखा कायमचा वाकत नाही. ताण सोसेल तोवर पूर्णपणे मूळ आकारात येतो, सोसला नाही तर काचेसारखा तुटतो. कर्ट पीटरसन यांनी १९८० साली आयबीएममध्ये सिलिकॉनचा पिळावर झुलणारा आरसा करून दाखवला. १९८२ मध्ये त्यांनी सिलिकॉनकडे यांत्रिक पदार्थ म्हणून पाहणारा मोठा लेख लिहिला. त्या लेखाने आमच्या क्षेत्राला पाया दिला, आणि आजही नव्या माणसाच्या हातात मी तो सर्वांत आधी देते.

बिजागरीचं गणित निष्ठुर असतं. उभट, अरुंद पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या घनावर ठरतो. पट्टी १० मायक्रॉनची काढली आणि कोरताना अर्धा मायक्रॉन जास्त खाल्ला गेला, तर रुंदी ५ टक्के कमी झाली. ताठपणा मात्र सुमारे १४ टक्के घटतो आणि आरशाची स्वाभाविक वारंवारिता सुमारे ७ टक्के खाली येते. २० किलोहर्ट्झचा आरसा साडेअठरावर येऊन बसतो. म्हणून बिजागरीची रुंदी कधी एकाच आकड्यात लिहू नये. तिच्यासोबत चूकभूल लिहावी आणि ती पूर्ण चूकभूल धरूनही आरसा काम देईल असं डिझाइन करावं.

४. विजेच्या ओढीची मर्यादा समजून घ्या

आरसा हलवायला चुंबक, उष्णता, दाबविद्युत पदार्थ असे बरेच मार्ग आहेत. सर्वांत जास्त वापर स्थितिक विजेचा होतो, कारण तिला वेगळा पदार्थ लागत नाही. आरशाखाली एक पट्टी ठेवली, दोन्हींमध्ये काही दशक व्होल्टचा फरक दिला, की आरसा तिकडे ओढला जातो. विद्युतप्रवाह जवळजवळ शून्य असतो.

पण ही ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते आणि बिजागरीचा विरोध मात्र सरळ प्रमाणात. दोन समांतर पट्ट्यांत ३ मायक्रॉनची फट असेल, तर पहिला १ मायक्रॉन सगळं आपल्या ताब्यात असतं. फटीचा एक तृतीयांश भाग ओलांडला की ओढ जिंकते आणि वरची पट्टी खालच्या पट्टीवर आदळते. याला पुल-इन म्हणतात. ही अडचण व्होल्टेज बदलून सुटत नाही, भूमितीच बदलावी लागते: फट मोठी ठेवायची, किंवा कंगव्याच्या दात्यांसारखी एकमेकांत सरकणारी रचना घ्यायची. ही कोम्ब ड्राइव्हची रचना १९८९ साली बर्कलीमध्ये विल्यम टँग आणि रॉजर हाउ यांच्या कामातून पुढे आली. दाते आत शिरत जातात, पण समोरासमोरचं अंतर बदलत नाही, त्यामुळे ओढ बरीचशी स्थिर राहते.

या मर्यादेचा सर्वांत सुंदर वापर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी केला. १९७७ पासून ते प्रकाश वळवणाऱ्या सूक्ष्म रचनांवर काम करत होते. सुरुवातीच्या रचनांत आरशाला हव्या त्या मधल्या कोनात थांबवण्याचा प्रयत्न होता, आणि लाखो आरशांना अगदी सारखं थांबवणं जमत नव्हतं. १९८७ मध्ये त्यांनी मधल्या कोनाचा नादच सोडला. आरसा या टोकाला किंवा त्या टोकाला, दोनच जागा. मधल्या छटा हव्या असतील तर आरसा किती वेळ कुठल्या बाजूला राहतो यावरून डोळ्याला त्या मिळतात. ज्या पुल-इनपासून सगळे दूर पळत होते, तोच या आरशाला टोकाला नेऊन पक्का धरून ठेवू लागला. ही चिप म्हणजे डीएमडी. १९९६ मध्ये तिच्यावरचे पहिले प्रोजेक्टर बाजारात आले आणि २०१५ मध्ये हॉर्नबेक यांना या कामासाठी ऑस्करचा वैज्ञानिक सन्मान मिळाला. १९७७ पासून मोजलं तर बाजारापर्यंत १९ वर्षं लागली. झटपट निकाल मागणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगते.

५. हवेलाही यंत्राचा एक भाग समजा

आरसा हलला की त्याच्याखालची हवा दबते आणि कडेने बाहेर पडते. फट काही मायक्रॉनचीच असल्यामुळे ती सहज निघत नाही. ही फट निम्मी केली की हवेचा विरोध सुमारे आठपट वाढतो. म्हणून डिझाइन करताना आरसा कशात हलणार आहे, हे पहिल्याच बैठकीत ठरलं पाहिजे.

कुठे निर्वात चांगला, कुठे हवा चांगली, हे कामावर अवलंबून आहे. सतत झुलत राहणाऱ्या आरशाला निर्वात मानवतो, कारण अगदी थोड्या ऊर्जेत तो मोठ्या कोनापर्यंत जातो. एका दिशेकडे तोंड करून थांबायचं असेल, तर हवा हवीच. तिच्याशिवाय आरसा जागेवर पोचल्यावर बराच वेळ थरथरत राहतो.

निर्वातात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सिलिकॉनच्या आरशाची वारंवारिता तापमानागणिक दर अंशाला दशलक्षांमागे सुमारे ३० भागांनी सरकते. तापमान ५० अंशांनी वाढलं, तर २० किलोहर्ट्झच्या आरशात सुमारे ३० हर्ट्झचा फरक पडतो. निर्वातातल्या आरशाची प्रतिसादाची पट्टी मात्र एक-दोन हर्ट्झ इतकी अरुंद असू शकते. ठरलेल्या वारंवारितेने ढकलत राहिलो तर उन्हात ठेवलेल्या उपकरणातला आरसा जवळजवळ थांबेल. त्यामुळे आरशाची हालचाल मोजत राहून आपणच त्याच्या मागे जाणारं सर्किट लागतं. ते सर्किट करणारा सहकारी पहिल्या दिवसापासून बैठकीत बसलेला असावा.

६. मास्क काढण्याआधी फॅबमध्ये वेळ द्या

आराखड्यातल्या रेषा मास्कवरून, म्हणजे एका छाप्यावरून, वेफरवर उतरतात आणि त्यांचं कोरीवकाम फॅबमध्ये, म्हणजे चिप घडवण्याच्या कारखान्यात, होतं. पण आपण पडद्यावर काढतो ती सरळ रेष आणि सिलिकॉनमध्ये उमटते ती रेष या वेगळ्या असतात. खोल खड्डे कोरण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी पद्धत जर्मनीतल्या बॉश कंपनीत फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रेया उर्बान यांनी शोधली. एका फेरीत सल्फर हेक्झाफ्लोराइडचा प्लाझ्मा सिलिकॉन खातो, दुसऱ्या फेरीत दुसरा वायू भिंतींवर संरक्षक थर चढवतो. फेऱ्या आलटून पालटून चालतात आणि भिंत जवळजवळ सरळ उभी उतरते. जवळजवळ म्हणायचं कारण, तिच्यावर प्रत्येक फेरीची बारीक लहर राहते. रुंद खाच लवकर खोल जाते, अरुंद मागे राहते. खालचा ऑक्साइडचा थर लागला की तिथे विद्युतभार साचतो आणि प्लाझ्मा आडवा वळून पायथा पोखरू लागतो.

फॅबमधल्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी माझा लेआउट पाहून सांगितलं होतं, "मॅडम, हा कोपरा तुम्ही काटकोनात काढलाय. काटकोन मी देऊ शकत नाही. गोलाई तुम्हीच काढून द्या, म्हणजे ती कुठे किती आहे हे तुम्हाला तरी माहीत असेल." त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. बिजागरी जिथे चौकटीला मिळते तो कोपराच सर्वांत जास्त ताण सोसतो, आणि तिथली गोलाई आपण ठरवली नाही तर ती मशीन ठरवतं. त्या दिवसापासून माझ्या आराखड्यात एकही तीक्ष्ण कोपरा नसतो, आणि अरुंद व रुंद खाचा शेजारी ठेवायची वेळ येऊ नये याची मी काळजी घेते.

डिझाइन करणाऱ्याने मशीनजवळ उभं राहून वेफर आत जाताना आणि बाहेर येताना पाहावं. ऑपरेटरशी बोलावं, गेल्या काही वेफर्सच्या नोंदी चाळाव्यात. सिम्युलेशनच्या महागड्या सॉफ्टवेअरला जे सांगता येत नाही, ते तिथल्या माणसांना पाठ असतं.

७. आरसा मोकळा करण्याची पायरी सर्वांत जपून करा

आरसा कोरून झाला तरी तो खालच्या ऑक्साइडच्या थराला चिकटलेलाच असतो. तो थर आम्लाने विरघळवून आरसा अधांतरी मोकळा करावा लागतो. या पायरीला रिलीज म्हणतात, आणि महिनोन्महिन्यांची मेहनत इथे काही मिनिटांत वाया जाऊ शकते. आम्ल धुतल्यावर उरलेलं पाणी सुकू लागतं तेव्हा आरसा खाली खेचला जातो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की त्या सुटता सुटत नाहीत, तसाच तो तळाला घट्ट बसतो.

यावर खात्रीचे उपाय आहेत. द्रवरूप आम्लाऐवजी हायड्रोफ्लुओरिक आम्लाची वाफ वापरली तर द्रव उरतच नाही. दुसरा मार्ग द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरण दाबाच्या पुढे द्रव आणि वायू यांच्यातली सीमा पुसली जाते, त्यामुळे सुकताना ओढणारा पृष्ठताण निर्माणच होत नाही. डिझाइनमध्येही बरंच करता येतं: आरशाखाली बारीक उंचवटे ठेवायचे, म्हणजे टेकलाच तर थोड्या जागी टेकेल, मोठ्या पृष्ठभागाला छिद्रं ठेवायची, बिजागरी एवढी ताठ ठेवायची की ती आरशाला ओढून परत आणू शकेल. डीएमडीमध्ये टेकण्याच्या जागी स्प्रिंगसारखी टोकं दिलेली आहेत आणि पृष्ठभागांवर न चिकटणाऱ्या रेणूंचा एक थर चढवलेला असतो.

८. सपाटपणा फुकट मिळत नाही

सिलिकॉन स्वतः पुरेसा परावर्तक नसतो, म्हणून त्यावर धातूचा थर देतात. दृश्य प्रकाशासाठी ॲल्युमिनियम, अवरक्तासाठी सोनं. हा थर नॅनोमीटरमध्ये मोजण्याएवढा पातळ असला तरी चढताना स्वतःचा ताण सोबत आणतो आणि आरशाला वाटीसारखा बाक देतो. शिवाय सिलिकॉन दर अंशाला दशलक्षांमागे सुमारे २.६ भागांनी प्रसरण पावतो आणि ॲल्युमिनियम सुमारे २३ भागांनी, त्यामुळे तापमान बदललं की बाकही बदलतो.

वाकडेपणा तरंगलांबीच्या एक दशांशाहून कमी असावा, असा एक ढोबळ नियम आम्ही पाळतो. लाल प्रकाशासाठी तो सुमारे ६० नॅनोमीटर होतो. तो गाठायला आरसा जाड करावा लागतो, मागे फासळ्या ठेवाव्या लागतात, किंवा दोन्ही बाजूंना सारखा थर द्यावा लागतो. थराची जाडी ठरवताना परावर्तनाचा आलेख जेवढा पाहता, तेवढाच ताणाचा आकडाही पाहा.

९. पॅकेजचं काम शेवटासाठी ठेवू नका

उघडा आरसा टेबलावर उत्तम चालतो आणि पॅकेजमध्ये गेला की वेगळाच वागतो. चिप चिकटवण्याचा गोंद सुकताना आकसतो आणि तो ताण चौकटीतून बिजागरीपर्यंत पोचतो. वरच्या काचेवरून परत येणारा प्रकाश पडद्यावर एक स्थिर, नको असलेला ठिपका पाडतो, म्हणून ती काच तिरकी बसवावी लागते. आत अडकलेला ओलावा चिकटण्याला निमंत्रण देतो. धुळीचा एक कण आरशाखाली गेला तर तो आरसा कायमचा गेला.

अनेक उत्पादनांत चिपपेक्षा पॅकेज आणि चाचणी यांचाच खर्च जास्त असतो. म्हणून पॅकेज करणाऱ्या सहकाऱ्याला आराखड्यावर सही करायला लावण्याची पद्धत मला अतिशय पटते. त्यांची सही नसेल तर मास्क बनवायला जात नाही.

१०. त्याच वेफरवर मोजण्याची सोय ठेवा

प्रत्येक वेफरच्या कोपऱ्यात मी काही रचना केवळ मोजण्यासाठी ठेवते: साडेनऊ, दहा आणि साडेदहा मायक्रॉनच्या बिजागऱ्या, वेगवेगळ्या लांबीच्या तरफा, थरांचा ताण दाखवणाऱ्या पट्ट्या. जागा वाया गेली असं व्यवस्थापनाला वाटतं. पण आरसा अपेक्षेहून हळू झुलला, तर दोष रुंदीचा आहे, जाडीचा की ताणाचा, हे याच रचना सांगतात. त्या नसतील तर उरतो फक्त तर्क, आणि तर्कावर दुसरा मास्क काढणं परवडत नाही.

११. पहिली हालचाल म्हणजे फक्त सुरुवात

आरसा पहिल्यांदा हलतो तो क्षण आनंदाचा असतो. खरी परीक्षा त्यानंतर असते. डीएमडीच्या पातळ धातूच्या बिजागऱ्या वारंवार पिळून थकतील आणि तुटतील, अशी सुरुवातीला मोठी धास्ती होती. चाचण्यांमध्ये त्या एक लाख कोटींहून अधिक वेळा वळल्या तरी तुटल्या नाहीत, कारण इतक्या पातळ थरात जाड धातूसारखा थकवा साठत नाही. अडचण आली ती दुसरीकडून. आरसा जास्त काळ एकाच बाजूला राहिला की बिजागरी त्या बाजूला किंचित वळलेलीच राहते. याला हिंज मेमरी म्हणतात, आणि उष्णतेत ती वाढते. धातूचं मिश्रण बदलून आणि आरशाला सोडवण्याच्या विद्युत स्पंदाची पद्धत सुधारून तो प्रश्न आटोक्यात आणला गेला.

यातून मी एक नियम घेतला. आयुष्याची चाचणी प्रकल्पाच्या शेवटी नव्हे, तर पहिला चालणारा आरसा हाती येताच सुरू करावी, गरम, थंड आणि दमट हवेत. आपल्याला ज्या बिघाडाची भीती वाटते तो बहुधा येत नाही, आणि जो येतो तो फक्त वेळ दिल्यावरच दिसतो.

१२. उत्तम यंत्रालाही योग्य काळ लागतो

२००० च्या सुमारास ल्युसेंट कंपनीने दोन अक्षांवर फिरणाऱ्या आरशांचा लॅम्डाराउटर आणला. प्रकाशकिरण एका प्रकाशतंतूतून थेट दुसऱ्या प्रकाशतंतूत वळवायचा, मध्ये विजेत रूपांतर नाही. अभियांत्रिकी उच्च दर्जाची होती. पुढे दूरसंचाराचा बाजार कोसळला आणि ते उत्पादन थांबलं. पण कल्पना थांबली नाही. २०२२ मध्ये गुगलने आपल्या डेटा सेंटरमधल्या आरशांच्या अशाच स्विचची माहिती जाहीर केली. त्यात १३६ प्रवेशद्वारं १३६ बाहेरच्या दारांशी हवी तशी जोडता येतात. या क्षेत्रात झालेलं चांगलं काम वाया जात नाही, हे मी यातून शिकले. म्हणून थांबलेल्या प्रकल्पाच्या नोंदीही नीट, पूर्ण लिहून ठेवाव्यात. पुढच्या कुणाला तरी त्या लागतात.

१३. हे काम आपल्या आवाक्यातलं आहे

खगोलशास्त्रात या आरशांनी मोठी कामगिरी केली आहे. चिलीतल्या जेमिनी साउथ दुर्बिणीवर २०१३ मध्ये सुरू झालेल्या जेमिनी प्लॅनेट इमेजरमध्ये ४०९६ चालकांवर टेकलेला एक लवचीक मेम्स आरसा होता. वातावरणामुळे विस्कटलेला प्रकाश तो सरळ करायचा, म्हणून ताऱ्याशेजारचा अंधूक ग्रह दिसू शकायचा. याच जातीचा लहान आरसा वापरणारी रोबो-एओ यंत्रणा कॅलटेक आणि पुण्याची आयुका संस्था यांनी मिळून उभी केली. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर तिने केपलर मोहिमेतले हजारो तारे तपासले, तेही रात्रभर माणसाच्या मदतीशिवाय. आरसा सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आपला आकार बदलत होता. त्या यशात पुण्याचा वाटा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचायला हवं.

अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. स्वतःची क्लीन रूम नाही म्हणून हे क्षेत्र सोडू नका. पवईच्या आयआयटीत आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशा सुविधा आहेत, आणि इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना तिथे प्रशिक्षण आणि काम करण्याची संधी दिली जाते. यांत्रिकी, विद्युत, रसायन आणि प्रकाशशास्त्र या चारही विषयांची पुस्तकं एकत्र उघडी ठेवायची तयारी असेल, तर छोटीशी का होईना, एक बिजागरी स्वतः काढा, तिचं गणित हाताने करा, आपल्या प्राध्यापकांना दाखवा आणि प्रस्ताव पाठवा. या देशाला हे आरसे घडवणाऱ्या माणसांची गरज आहे.